सोयाबीनचा बेवड आणि नत्राचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

खरिपाची काढणी आटोपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. जूनमध्ये बियाणे आणि पाऊस यांविषयी विचारणारे वाचक आता जमिनीविषयी विचारू लागतात. या वेळच्या पत्रांत नत्र आणि मातीतले जिवाणू यांवरचे प्रश्न इतके आले, की हे पानच त्यांना द्यावे असे ठरवले. पत्रे लांब होती, म्हणून ती संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : सोयाबीन द्विदल असल्याने ते जमिनीत नत्र सोडते, असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. आमचे आजोबा तुरीच्या बेवडावर, म्हणजे तूर निघालेल्या रानात, ज्वारी घ्यायचे आणि तिला वरखताची फारशी गरज पडत नसे. मी आठ वर्षे सोयाबीन आणि त्यावर रब्बी ज्वारी घेतो, पण तो फरक मला कधी दिसला नाही. आमच्या जमिनीतले जिवाणू संपले आहेत काय? (लातूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपल्या जमिनीतले जिवाणू बहुधा संपलेले नाहीत. आपण ज्याला बेवड म्हणता तो मुळात हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हा हिशेब क्वचितच कोणी मांडून दाखवतो.

एक एकर शेतावर जी हवा उभी आहे, तिच्यात सुमारे ३० हजार टन नत्र असतो. पिकाला त्यातला एक कणही थेट घेता येत नाही, कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट जखडलेले असतात. खत कारखान्यात हा बंध तोडण्यासाठी ४०० ते ५०० अंश तापमान आणि वातावरणाच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत राहणारा जिवाणू तेच काम शेतातल्या साध्या तापमानाला करतो, परंतु फुकट करत नाही. नत्राच्या एका रेणूमागे त्याला पेशीच्या ऊर्जेच्या चलनातले, म्हणजे एटीपीचे, किमान १६ रेणू खर्च करावे लागतात. हा खर्च झाड भागवते. पानांनी तयार केलेली साखर मुळात उतरते, गाठीत पोहोचते आणि तिच्या बदल्यात जिवाणू अमोनिया देतो. हा अमोनिया मातीत सांडत नाही. तो गाठीतल्या गाठीत झाडाच्या स्वाधीन होतो आणि तिथून वर जातो. 'सोयाबीन जमिनीत नत्र सोडते' या वाक्यातली पहिली चूक इथेच आहे. जिवाणू नत्र देतो तो झाडाला. जमिनीच्या वाट्याला काय येईल, हे झाड त्याचे पुढे काय करते यावर ठरते.

सोयाबीन त्याचे काय करते, ते पाहू. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजे एका क्विंटल दाण्याबरोबर जवळजवळ ६ किलो नत्र शेताबाहेर जातो. एकरी १० क्विंटल उतारा धरला, तर ६० किलो नत्र पोत्यांत भरून बाजारात गेला. पिकाच्या अंगात एकूण ७५ ते ८० किलो नत्र असतो आणि चांगल्या गाठी असतील तर त्यातला निम्मा किंवा थोडा अधिक, म्हणजे ४० ते ४५ किलो, हवेतून आलेला असतो. आला ४५ आणि गेला ६०. उरलेला फरक आपल्या जमिनीने पदरचा घातला, आणि तो फरक युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत जितका नत्र असतो, साधारण त्या घरात येतो. मळणीनंतरचे भुसकटही जनावरांसाठी किंवा विक्रीसाठी उचलले, तर जमिनीचे देणे आणखी वाढते. काढणीपूर्वी सोयाबीनची पाने गळतात हे खरे, परंतु ती पिवळी होऊन गळतात. पान पिवळे पडते याचाच अर्थ त्यातला बराचसा नत्र दाण्याकडे गेलेला आहे आणि खाली पडते ते जवळपास रिकामे पान.

तुरीचे गणित निराळे आहे. तूर सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ शेतात उभी असते, या सगळ्या काळात ती थोडा थोडा पाला टाकत राहते आणि तिचे मूळ खोल जाऊन तिथेच कुजते. तिच्या दाण्यात प्रथिने २१-२२ टक्के, म्हणजे क्विंटलमागे नत्र साडेतीन किलोच्या आसपास. एकरी ५ क्विंटल तूर निघाली तरी दाण्यातून १७-१८ किलोच नत्र बाहेर जातो. आपल्या आजोबांना हे आकडे माहीत असण्याचे कारण नव्हते, पण ज्वारीच्या ताटाच्या रंगावरून त्यांनी ते ओळखले होते.

म्हणून सोयाबीनचा बेवड अगदीच वाया असतो, असेही मी म्हणणार नाही. त्याच शेतात मका किंवा ज्वारी घेतली असती, तर तिने आपला जवळजवळ सगळा नत्र जमिनीतूनच ओढला असता आणि मागे राहिलेल्या धसकटांनी कुजताना आणखी नत्र अडवून धरला असता. सोयाबीन जमिनीतला नत्र वाचवते, साठवत नाही. तेव्हा सोयाबीननंतरच्या ज्वारीला शिफारशीइतका नत्र द्यावा आणि 'आधी द्विदल होते' म्हणून त्यात मोठी कपात करू नये.

जिवाणू काम करतात की नाही, हे मात्र आपण पुढल्या हंगामात स्वतः पाहू शकता. पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी, पीक फुलावर असताना आणि जमिनीत वाफसा (मशागतीजोगा ओलावा) असताना, चार ठिकाणची दोन-दोन झाडे कुदळीने मातीच्या गोळ्यासह उचलावीत. झाड हाताने उपटू नये, कारण उपटताना गाठी तुटून मातीतच राहतात. गोळा बादलीतल्या पाण्यात भिजू द्यावा आणि माती आपसूक सुटली की मूळ बाहेर काढावे. सोयाबीनच्या गाठी गोल, ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या असतात. एखादी गाठ नखाने चिरावी. आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसला, तर ती कामावर आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे. नत्र पकडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) प्राणवायू सोसत नाही आणि जिवाणूला तर श्वासासाठी प्राणवायू हवा असतो. लेगहिमोग्लोबिन हे गुलाबी द्रव्य प्राणवायू मोजूनमापून पोहोचवते आणि दोघांचे भागवते. गाठ आत पांढरी असेल तर ती अजून कोवळी तरी आहे किंवा निकामी तरी आहे. हिरवट किंवा तपकिरी झालेल्या गाठीचे काम संपलेले असते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. सूत्रकृमींमुळेही मुळांवर गाठी येतात आणि त्या पाहून समाधान मानणारे शेतकरी मी पाहिले आहेत. जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला मण्यासारखी चिकटलेली असते आणि बोटाने ढकलली की सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मुळालाच आलेली सूज असते, ती सुटत नाही, ओढल्यास मूळच तुटते.

जिवाणू संवर्धकाविषयीही, म्हणजे पेरणीपूर्वी बियाण्याला लावायच्या जिवाणूंच्या भुकटीविषयीही, आपण विचारले आहे. सोयाबीन मूळचे पूर्व आशियातले पीक असून ते आपल्या जोडीदाराच्या बाबतीत चोखंदळ आहे. मूग, उडीद, चवळी, भुईमूग आणि तूर यांचे जिवाणू आपल्या जमिनीत पूर्वापार आहेत आणि ते एकमेकांच्या मुळांवर चालतात. सोयाबीनला मात्र ब्रॅडीरायझोबियमचा स्वतःचा प्रकार लागतो. ज्या शेतात सोयाबीन पहिल्यांदाच पेरायचे आहे तिथे बीजप्रक्रियेचा फरक डोळ्यांना दिसतो. आठ वर्षे सोयाबीन घेतलेल्या शेतात हे जिवाणू आधीच वस्तीला आलेले असतात, त्यामुळे तिथे फरक कमी दिसला तर आश्चर्य वाटू नये. संवर्धक वापरायचे झाल्यास १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम हे प्रमाण ठेवावे, बुरशीनाशक आधी लावावे, जिवाणू शेवटी लावावेत, बी सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. पाकिटावरची मुदत तर पाहावीच, पण दुकानदाराने ते कुठे ठेवले होते हेही पाहावे. मे महिनाभर पत्र्याखाली तापलेल्या पाकिटातून आपण फक्त काळी भुकटी विकत घेत असतो.

प्रश्न : मृगाच्या पहिल्या पावसानंतर सगळे रान एकदम हिरवे होते. विजा कडाडल्या की आकाशातून नत्र पडतो, म्हणून असे होते असे गावातले लोक सांगतात. ओलितासाठी वाहिलेल्या पाण्याला मात्र हा गुण नसतो. यात तथ्य किती? (यवतमाळ जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : विजेच्या प्रचंड उष्णतेने हवेतला नत्र आणि प्राणवायू यांचा संयोग होतो आणि त्यातून बनलेले नायट्रेट पावसाबरोबर खाली येते, हे शास्त्राला मान्य आहे. परंतु त्याचे प्रमाण वर्षभरात हेक्टरी फार तर काही किलो भरते. एवढ्याने रान हिरवे होणार नाही. पहिल्या पावसाची करामत वरून पडत नाही, ती आधीच मातीत तयार असते.

उन्हाळ्यात नांगरून टाकलेली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते. मातीतले असंख्य जिवाणू त्यात मरतात आणि उरलेले निपचित पडतात. ढेकळे भेगाळून आतला सेंद्रिय अंश उघडा पडतो. अशा जमिनीवर पाऊस पडला, की जे जिवाणू वाचले आहेत ते काही तासांत जागे होतात आणि मेलेल्यांच्या देहांवर आणि उघड्या पडलेल्या सेंद्रिय द्रव्यावर तुटून पडतात. त्यातून अमोनियम आणि पुढे नायट्रेट यांचा एकदम लोंढा येतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च या संशोधकाने १९५८ मध्ये याची पद्धतशीर मांडणी केली आणि हा परिणाम आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. जमीन जितकी अधिक काळ कोरडी राहिलेली असेल, तितका हा लोंढा मोठा असतो. 'रान चांगले तापू द्यावे' या आपल्याकडच्या सांगण्याला असा आधार आहे. पहिल्या सरीनंतरचा मातीचा वासही जिवाणूंचाच असतो. स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य बनवतात आणि पावसाचे थेंब ते हवेत उडवतात. याच गटातून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळाले, पण तो विषय वेगळा.

वाहिलेल्या पाण्याविषयीचे आपले निरीक्षण बरोबर आहे, कारण हंगामात ओलित चालू असलेली जमीन मुळात इतकी वाळलेलीच नसते. मात्र या लोंढ्यात धोकाही आहे. त्या दिवसांत शेत मोकळे असते आणि नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही. मातीचे कण ऋणभारित आहेत, नायट्रेटही ऋणभारित आहे, त्यामुळे पुढचा मोठा पाऊस त्याला धुऊन खाली नेतो. वेळेवर पेरलेल्या पिकाला त्यातला वाटा मिळतो. पंधरा-वीस दिवस उशीर झालेल्या पेरणीला हा वाटा चुकतो, आणि उशिराचे पीक अशक्त दिसण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण असते.

पाणी तुंबून पिवळ्या पडलेल्या कपाशीबद्दलही आपण लिहिले आहे. मुळांना हवा न मिळणे हे तिथले पहिले कारण आहे. त्याच्याच जोडीला एक दुसरी गोष्ट घडते. पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू संपला, की स्यूडोमोनास आणि त्यांच्यासारखे जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात आणि नत्र पुन्हा वायुरूपाने हवेत जातो. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइडच्या रूपात निसटतो. हा वायू पृथ्वीचे तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा पावणेतीनशे पट प्रभावी आहे. शेतात पाणी उभे असताना वरून युरिया फेकणे हे म्हणूनच दोन्ही अंगांनी तोट्याचे आहे. आधी चर काढून पाणी जाऊ द्यावे, वाफसा येऊ द्यावा आणि मग खत द्यावे.

प्रश्न : मी नववीला विज्ञान शिकवते. नत्रचक्राच्या आकृतीत बाण असतात, नावे असतात, पण हे सगळे कोणी आणि कसे शोधले हे मुले विचारतात तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसते. (नाशिक येथील एक शिक्षिका)

उत्तर : मुलांना पहिल्यांदा सोऱ्याची गोष्ट सांगावी. बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक असलेला सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, अठराव्या शतकात जगात सर्वाधिक नावाजला होता तो बिहारचा. गोठ्यांच्या आणि वस्तीच्या आसपासच्या जमिनीत जनावरांचे मूत्र मुरत असे आणि पावसाळा संपल्यावर तिथे पांढरा थर फुलून येई. नोनिया समाजाचे लोक ती माती खरवडून, पाण्यात गाळून, आटवून सोरा काढत आणि ईस्ट इंडिया कंपनी तो पाटण्याहून विलायतेला पाठवत असे. मुत्रातल्या युरियाचा सोरा कसा होतो, हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि काढणाऱ्यालाही. ती किमया हवेची असावी, असेच तेव्हा मानले जाई.

१८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्स या दोन फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून गटाराचे पाणी सावकाश सोडले. पहिले वीसेक दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला आणि नंतर अचानक त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. प्रक्रिया निव्वळ रासायनिक असती, तर ती पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. वीस दिवसांचा उशीर याचा अर्थ नळीत काहीतरी वाढत होते. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि नायट्रेट बंद झाले. मग थोडी ताजी माती पाण्यात कालवून ओतली, तर ते पुन्हा सुरू झाले. एवढ्या साध्या साधनांनी इतका नेमका निष्कर्ष काढणारे प्रयोग विज्ञानात थोडेच आहेत. माझे ऐकाल तर आकृतीतल्या सगळ्या बाणांआधी हा एक प्रयोग वर्गात सांगावा.

तरीही ते जिवाणू वेगळे काढून दाखवणे कोणाला जमत नव्हते, कारण प्रत्येकजण त्यांना जिलेटिनचे सकस खाद्य देत होता आणि त्यांना ते नकोच होते. झुरिकमध्ये काम करणाऱ्या सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० मध्ये ही गाठ उकलली. हे जिवाणू सेंद्रिय अन्न खात नाहीत. ते अमोनियाचे ज्वलन करून त्या ऊर्जेवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर उभारतात. सूर्यप्रकाशाशिवाय असे जगता येते, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. नायट्रोसोमोनास अमोनियाचे नायट्राइट करतो आणि नायट्रोबॅक्टर नायट्राइटचे नायट्रेट करतो, हे आपल्या पुस्तकात असेलच. मात्र ही दोन्ही कामे एकटा करणारा नायट्रोस्पायरा गटातला जिवाणू २०१५ मध्ये सापडला, हे मुलांना जरूर सांगावे. सव्वाशे वर्षे शिकवल्या गेलेल्या 'दोन टप्पे, दोन जिवाणू' या धड्याला अपवाद निघतो, याची मुलांना गंमत वाटते.

गाठींची कथा जर्मनीतली आहे. बर्नबुर्ग येथे हेल्रीगेल आणि विल्फार्थ कुंड्यांतल्या वाळूत ओट आणि वाटाणा वाढवत होते. ओट दिलेल्या नायट्रेटच्या प्रमाणात वाढे. वाटाणा मात्र कधी बिननत्राच्या वाळूत जोमाने वाढे, तर कधी उपाशी मरे. वाळू भाजून निर्जंतुक केली की तो हमखास उपाशी राही आणि तीत शेतातल्या मातीचे थोडे पाणी घातले की त्याला गाठी येऊन तो सावरे. १८८६ मध्ये त्यांनी हे जाहीर केले आणि दोनच वर्षांत, १८८८ मध्ये, हॉलंडमधील डेल्फ्ट येथे बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवला. शाळेत हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. कढईत भाजलेली वाळू, मुगाचे दाणे आणि शेतातली मूठभर माती एवढे पुरते. एका कुंडीत माती मिसळावी, दुसरीत मिसळू नये, आणि पाच आठवड्यांनी मुळे धुऊन पाहावीत.

प्रश्न : आमच्याकडे भाताच्या चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये युरिया-डीएपीची गोळी खोचायला सांगतात. चिखलात वाकून गोळ्या खोचायला मजूर मिळत नाही. तेवढाच युरिया वरून फेकला तर काय बिघडते? (रायगड जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : मजुरांची अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही, परंतु काय बिघडते ते सांगता येईल. भाताच्या खाचरात पाण्याखालच्या चिखलाचे दोन थर असतात. वरचा काही मिलिमीटरचा, तांबूस छटेचा थर पाण्यातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर जगतो. त्याखालचा करडा-निळसर चिखल प्राणवायूविना असतो. वरून फेकलेला युरिया पाण्यात विरघळतो, जिवाणूंच्या युरिएज या विकराने एक-दोन दिवसांत त्याचा अमोनिया होऊ लागतो आणि त्यातला काही भाग उन्हात उडून जातो. उरलेल्याचे वरच्या तांबूस थरात नायट्रेट होते. ते नायट्रेट खाली झिरपले, की करड्या चिखलातले जिवाणू त्याचा पुन्हा वायू करून टाकतात. दोन थर, दोन प्रकारचे जिवाणू आणि दोघांच्या मध्ये आपले खत, अशी ही अवस्था असते.

२.७ ग्रॅमची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचली, की ती थेट करड्या चिखलात जाते. तिथे प्राणवायू नसल्याने नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंचे काही चालत नाही आणि नत्र अमोनियमच्या रूपातच राहतो. अमोनियम धनभारित असल्याने मातीला धरून राहते आणि भाताच्या मुळांना ते नायट्रेटइतकेच, किंबहुना अधिक, मानवते. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतल्या चार सूत्रांपैकी हे एक सूत्र आहे. बाकीची तीन म्हणजे भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला आणि नियंत्रित लावणी. नियंत्रित लावणीवाचून गोळी खोचायला नेमका चौकोनच सापडत नाही, म्हणून यातले एक घेऊन दुसरे सोडणे फारसे साधत नाही. सगळ्या खाचरांना मजूर पुरणार नसतील, तर ज्या खाचरात पाणी टिकून राहते तिथे तरी गोळी खोचावी.

प्रश्न : शेजाऱ्यांचे ऐकून या वर्षी उसाचे पाचट (तोडणीनंतर उरलेला वाळका पाला) जाळले नाही, सरीत दाबले. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेले पीक, महिनाभर पिवळा पडला. पाचट जाळणेच बरे होते का? (सांगली जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : जाळणे बरे नव्हते. आपण जिवाणूंना जेवायला बसवले, पण पानात फक्त भात वाढला. जिवाणूच्या शरीरात नत्राच्या एका भागाला कर्बाचे पाच ते आठ भाग असतात. पाचटात नत्राच्या एका भागाला कर्ब सुमारे शंभर भाग असतो. एवढा कर्ब पचवायला लागणारा नत्र त्यात नसल्यामुळे जिवाणू तो मातीतून उचलतात, आणि या ओढाताणीत उसापेक्षा तेच नेहमी वरचढ ठरतात, कारण ते सगळीकडे पसरलेले असतात आणि मूळ मात्र एका जागी असते. हा नत्र नाहीसा होत नाही. पाचट कुजत आले आणि जिवाणू मरू लागले, की तो परत मिळतो. मधले सहा-आठ आठवडे मात्र पीक उपाशी राहते.

म्हणूनच पाचटाच्या प्रत्येक टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस आहे. हा युरिया जिवाणूंच्या वाट्याचा आहे. तो उसाच्या मात्रेतून वजा करू नये, आणि बहुतेक जणांची चूक इथेच होते. पाचट कुट्टी करून, ओलावा राखून ठेवले तर काम लवकर होते.

प्रश्न : एकरी २०० लिटर जीवामृत दिले, तर नत्राची गरज भागते असे एका शिबिरात ऐकले. हे खरे आहे का? (अहिल्यानगर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : जीवामृतात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती असते. या सगळ्यातला नत्र एकत्र केला तर तो २०० ग्रॅमच्या आसपास भरतो. ज्वारी-गव्हासारख्या पिकाला एकरी ३० ते ५० किलो नत्र लागतो. त्यातले जिवाणू हवेतला नत्र पकडतील असे म्हणावे, तर मोकळेपणाने राहणाऱ्या जिवाणूंना साखर पुरवणारे झाड शेजारी नसते. त्यांना मातीतल्या सेंद्रिय पदार्थांवरच भागवावे लागते आणि नत्र पकडणे हे तर सर्वांत खर्चिक काम. अ‍ॅझोटोबॅक्टर या मोकळ्या राहणाऱ्या जिवाणूची मर्यादाही हीच आहे. भरपूर शेणखत आणि पाला असलेल्या जमिनीत जीवामृताने कुजण्याला गती येत असेल, तर त्याचा लाभ दिसेल. सेंद्रिय कर्ब नसलेल्या जमिनीत कुजवायलाच काही नाही, तिथे ते काय करणार?

प्रश्न : गच्चीवरच्या कुंड्यांत मी मेथी लावते. तीही द्विदलच आहे, मग तिच्यानंतर लावलेल्या पालकाला नत्र मिळेल का? (डोंबिवली येथील एक वाचक)

उत्तर : मेथी आपण मुळासकट उपटून भाजीला घेतली, तर कुंडीत काही उरत नाही. जो नत्र होता तो ताटात आला. मेथी नुसती कापून घेतली, तर मुळांतला थोडासा राहील, पण महिनाभराच्या मेथीने फारसा नत्र जमवलेलाही नसतो. शिवाय कुंडीतल्या कोकोपीटमध्ये मेथीचा जिवाणू असण्याची शक्यता कमी, आणि मातीवाचून तो येणार कुठून? पालकाला कंपोस्ट द्यावे. गाठी पाहण्याची हौस असेल, तर मंडईतून मुळांसकट असलेली मेथीची जुडी आणावी आणि निवडण्याआधी मुळे पाण्यात हलकेच खळबळावीत. शेतातून आलेल्या जुडीत एखाद्या मुळावर राईपेक्षा लहान, लांबट, फिकट गुलाबी गाठी कधी कधी सापडतात.